पाच घरचं झबलं

"कात्री आधी खाली ठेव," द्वारकाकाकू दारातूनच म्हणाल्या.

मी ठेवली. जिना चढून त्यांना दम लागला होता. पदराआड दोन्ही हातांनी त्यांनी काहीतरी धरलं होतं. त्यांच्या घरावरच्या खोलीत राहायला येऊन मला सात महिने झाले होते, आणि तेवढ्या काळात त्या एकदाच वर आल्या होत्या, टाकीचं पाणी भिंतीवरून वाहायला लागलं तेव्हा.

"या ना आत."

"येते. तुला अडचण नाही ना सध्या?"

प्रश्न कळायला मला क्षणभर लागला. "नाही," मी म्हणाले.

मग त्या आत येऊन खाटेवर बसल्या आणि त्यांनी पदर बाजूला केला. मांडीवर पाच पुरचुंड्या होत्या, प्रत्येकीला वेगळी गाठ.

"झबलं शिवायचंय. उज्ज्वलाच्या लेकराचं."

उज्ज्वला त्यांची सून. माझ्याच वयाची, चोवीस वर्षांची. तिला नववा महिना लागला होता. आधीची दोन्ही गेली होती. एक सातव्या महिन्यात पोटातच, दुसरं जन्मल्यावर सहाव्या दिवशी. हे मला दूधवाल्याकडून कळलं होतं. घरात त्याबद्दल कुणी बोलत नसे. या खेपेला डोहाळजेवणसुद्धा केलं नव्हतं.

"बाजारात तयार मिळतात की, काकू. मऊ असतात."

"विकतचं नको. हे मागून आणलंय." त्यांनी पुरचुंड्यांवर हात ठेवला. "जिची लेकरं टिकत नाहीत तिच्या लेकराला पहिलं कापड मागून आणलेलं घालायचं. पाच घरचं. ज्या घरात लेकरं नांदायलीत, एकही गेलेलं नाही, असल्या घरचं. त्या घरच्या बाईनं हातानं फाडून द्यायचं. लोखंड लावायचं नाही."

"मग मी कापू कसं?"

"फाडायचं."

"आणि गळा? गोल कसा फाडणार?"

काकू विचारात पडल्या. "गोल कशाला पाहिजे? चौकोनी कर. लेकराला काय कळतंय."

"सुई पण लोखंडाचीच असते, काकू."

"सुईचं कुणी काही सांगितलेलं नाही," त्या ठाम म्हणाल्या. "उगा फाटे फोडू नकोस."

मला हसू आलं, त्यांनाही थोडं आलं. मी विचारलं, गल्लीत दोन शिंपी आहेत, मग माझ्याकडे का.

"शिंप्याला देता येत नाही. भावकीतली बाई नको, शेजारची नको. परकी पाहिजे. तुझं इथं कुणीच नाही." एखाद्या नोकरीची पात्रता सांगावी तसं त्यांनी ते सांगितलं.

त्यात खोटं काही नव्हतं. मी दापोलीची. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केल्यावर जालन्यात बियाण्यांच्या प्रयोगशाळेत लागले होते. काम उगवणक्षमता तपासण्याचं. शंभर बिया मोजून ओल्या कागदात गुंडाळायच्या, ठरलेल्या तापमानाला ठेवायच्या, ठरलेल्या दिवशी उघडून किती उगवल्या ते मोजायचं. दिवसभरात माझ्या तोंडून जे शब्द निघायचे ते बहुतेक आकडेच असत. कधी कधी शनिवारी संध्याकाळनंतर मी थेट सोमवारी सकाळी बोलायची, आणि पहिला शब्द घशात अडकायचा.

शिवणकाम त्यातूनच सुरू झालं. जुने कपडे घेऊन स्टीलची भांडी देणाऱ्या बायका दारोदार फिरतात. त्यांनी जमवलेले कपडे रविवारी बाजारात ढिगाने विकायला येत. मी त्यातल्या जुन्या सुती साड्या, सदरे, ओढण्या आणायची. शिवण उसवून बघायची, शिंप्याने कुठे कापड वाचवलंय, कुठे शिवणीत जास्तीचं कापड, म्हणजे माया, सोडलीय. मग त्याच कापडाचं दुसरं काहीतरी शिवायची. उशांचे अभ्रे, पिशव्या, स्वतःचे कुडते. भंगारातून आणलेलं हाताचं मशीन होतं. संध्याकाळी साडेसहा ते झोपेपर्यंत काहीतरी हवं असायचं, एवढंच त्याचं कारण. माझ्या मशीनचा आवाज खाली ऐकू जातो हे मला काकूंनी त्या दिवशी सांगितलं. "आवाज आला की म्हणते, बरं आहे, पोरगी आहे वर."

"हे तुकडे आधी उकळून घेते," मी म्हणाले. "नव्या बाळाच्या अंगाला लागणार."

"पाणी लावायचं नाही! धुतलं की मागितलेलं निघून जातं."

"मग इस्त्री? कडक, दोन्ही बाजूंनी?"

काकूंनी पुन्हा विचार केला. "इस्त्री चालेल."

दुसऱ्या दिवसापासून उज्ज्वलावहिनी वर येऊन बसायला लागली. जिना चढू नका म्हटलं तर म्हणाली, डॉक्टरांनीच चालायला सांगितलंय. भिंतीला टेकून पाय पसरून बसायची, आणि मी शिवत असताना बोलायची. बोलायला कुणीतरी हवं असलेली त्या घरात मी एकटीच नाही, हे मला त्या आठवड्यात कळलं.

"हा गुलाबी बंबकाकूंचा. चार मुलगे त्यांना. साडी बऱ्यापैकी नवी होती म्हणे."

"नवी कशाला फाडली?"

"जुनी शोधायला कपाट उपसायचा कंटाळा!" ती पोट धरून हसली. "आणि हा पांढरा जोशीमास्तरांच्या धोतराचा. मास्तरीणबाईंनी टरकन फाडला. मास्तर आतून ओरडले, अगं ते वाळत घातलेलं, जुनं नव्हे! हा हिरवा हमीदाबींच्या ओढणीचा. आईंनी पदर पसरला तर हमीदाबीच रडायला लागल्या. म्हणे मी दोन देते. आई म्हणाल्या, नाही, एकच चालतो."

पिवळा दूध घालणाऱ्या गवळणीकडचा होता. पाचवा इरकली नऊवारीचा, गर्द जांभळा, खूप वापरलेला. तो राहीबाईंचा. राहीबाई गावाबाहेर सहा किलोमीटरवर वस्तीवर राहत. आठ लेकरं, आठही हयात, नातवंडं किती ते त्यांनाही मोजून सांगता येत नव्हतं. काकू तिथे अनवाणी चालत गेल्या होत्या.

"महिनाभर हे पाचही माझ्या उशाखाली होते," वहिनी म्हणाली. "डोळे मिटून सांगते कुठला कुणाचा."

माझ्यातली प्रयोगशाळा जागी झाली. "खरंच? बघू."

तिला डोळे मिटायला लावून मी एकेक तुकडा तिच्या बोटांत दिला. क्रम बदलत, कधी एकच दोनदा. दहा वेळा. "बंबकाकू. राहीबाई. मास्तर. पुन्हा मास्तर, फसवताय मला." दहापैकी दहा बरोबर आले.

शिवण सोपी होती. आयताकृती तुकडे, चौकोनी गळा, पुढे बांधायला बंद. शिवण बाळाला टोचू नये म्हणून बाहेरच्या बाजूला ठेवायची. अडलं ते राहीबाईंच्या तुकड्यावर. मशीनची सुई पडली तशी ते जुनं कापड टाक्यांच्या रेघेवरून चिरत गेलं, चांगलं दीड इंच.

वहिनीने तोंडावर हात ठेवला. "आता?"

"खाली दुसरं कापड लावलं तर टिकेल," मी म्हणाले, आणि मग थांबले. दुसरं कापड म्हणजे सहावं घर. उरलेल्या चारांपैकी एकाचं लावायला त्यांच्यात फाडण्याइतकी जागा राहिली नव्हती.

मी मशीन बाजूला सारलं. त्याच तुकड्याच्या फाटक्या कडेचे धागे एकेक करून काढले, सुईत ओवले आणि चिरेवर रफू करायला घेतलं. आधी उभे धागे, मग त्यांच्यातून एक वर एक खाली असे आडवे. जुना धागा दोन बोटांत जरा ओढला की तुटायचा. तीन संध्याकाळी गेल्या. एकदा दिवे गेले तर वहिनीने मेणबत्ती धरली आणि मेण सांडू नये म्हणून श्वास रोखून बसली.

"ताई, तुमचा यावर विश्वास आहे?"

"नाही."

"मग एवढं कशाला? लावा ना एखादं ठिगळ. आईंच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, त्यांना दिसणार पण नाही."

"सांगितलंय तसं करायचं, नाहीतर करायला घ्यायचंच नाही," मी म्हणाले. "तुमचा आहे विश्वास?"

तिने मेणबत्ती दुसऱ्या हातात घेतली. "आई अनवाणी गेल्या," ती म्हणाली. "त्यांचा आहे. तेवढा पुरतो मला."

रफू संपलं तेव्हा बोट फिरवल्यावर तिथे थोडा जाडसर भाग लागायचा, बाकी काही कळत नव्हतं. झबलं खाली नेऊन दिलं. काकूंनी ते देवापुढे ठेवलं आणि मला म्हणाल्या, "आजपासून रात्रीचं जेवण खालीच. एकटीसाठी काय कुकर लावतेस." त्या आठवड्यात मी रोज त्यांच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून जेवले. संतोषभाऊ, वहिनीचा नवरा, एसटीत कंडक्टर होता. ड्युटीवरून आला की विचारायचा, "काय मॅडम, आज किती बिया उगवल्या?" मी खरा आकडा सांगायची आणि तो तोंडात घास असताना मान डोलवायचा, जणू त्याच बियांवर त्याचं पीक अवलंबून आहे.

मुलगी झाली. बुधवारी सकाळी, अडीच किलोची, मोठ्याने रडणारी. नर्सने पुसून दिल्याबरोबर काकूंनी तिला झबलं घातलं. सहाव्या दिवशी सटवाईची पूजा होते. तोवर ते अंगावेगळं करायचं नाही, असं त्यांनी सगळ्यांना बजावलं.

शनिवारी मी अर्धी रजा घेतली आणि वहिनीसाठी अळिवाची खीर डब्यात भरून दवाखान्यात गेले. खोलीच्या दाराशीच आवाज ऐकू आला.

"मावशी, मी किती वेळा सांगू? कपडे काढल्याशिवाय उपयोग नाही." नर्स बोलत होती. दिव्यांचं यंत्र भिंतीशी आणून ठेवलेलं होतं, निळ्या नळ्यांचं. डॉक्टरबाई हातात कागद घेऊन उभ्या होत्या.

"दिवे लावा की. मी कुठं नको म्हणते? झबल्यावरून लावा."

"झबल्यावरून लागत नाहीत," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज दमलेला होता, सकाळपासून हेच चाललं असावं. "कावीळ एकोणीसवर गेलीये. आत्ता दिव्याखाली ठेवलं तर दोन दिवसांत उतरेल. आणखी वाढली तर मेंदूत जाते, मग माझ्या हातात काही राहत नाही."

मी बाळाकडे पाहिलं. ते झोपलेलं होतं, फार झोपलेलं. झबल्याखालून बाहेर आलेले तळपाय हळदीत बुडवल्यासारखे पिवळे होते. डोक्यापासून सुरू झालेला पिवळेपणा तळपायापर्यंत पोचला की आकडा किती असतो ते मी वाचलेलं होतं.

"काकू," मी म्हणाले, "त्या निळ्या उजेडाने कातडीतला पिवळा भाग विरघळतो आणि लघवीतून बाहेर जातो. उजेड कातडीवर पडायला हवा. कापडावर पडून काही होत नाही. फक्त दोन दिवस."

"तू शिकलेली आहेस. तुझं बरोबर असेल." काकूंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्यांचा एक हात बाळाच्या छातीवर, झबल्यावर पालथा ठेवलेला होता. "मागच्या वेळीही असंच म्हणाले होते. उघडं करा, पेटीत ठेवतो. दिवसभर लेकरू काचेच्या पेटीत पडून होतं, अंगावर सूतभर कापड नाही. आम्ही बाहेरून बघायचं. संध्याकाळी माझ्या हातात दिलं तेव्हा गुंडाळायला फडकं नव्हतं. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं टॉवेल दिला." त्यांनी झबलं बाळाच्या मांडीवर खाली ओढलं. "या खेपेला उघडं ठेवणार नाही. मरायचं असलं तरी अंगावर कापड असेल."

वहिनी भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिची पाठ हलत होती.

"संतोषभाऊंना फोन केला?" मी विचारलं.

"गाडी पुण्याला गेली. फोन लागत नाही," काकू म्हणाल्या.

डॉक्टरबाईंनी कागद खाटेवर ठेवला. "घरी न्यायचं असेल तर इथे सही करा. माझ्या सांगण्याविरुद्ध नेताय असं त्यात लिहिलंय. मी जबरदस्तीने काढून घेऊ शकत नाही, मावशी. पण वेळ जातोय."

काकूंनी पेन हातात घेतलं. "उज्ज्वला, ऊठ. घरी जायचंय."

वहिनी उठून बसली. तिने पाय खाली सोडले आणि चपला शोधायला लागली.

"काकू, ते झबलं खोटं आहे," मी म्हणाले.

पेन थांबलं.

"मी तुमचं ऐकलं नाही. मी तुकडे उकळले. राहीबाईंचा तुकडा पाण्यात फाटून गेला. तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही. माझ्या ओढणीचा जांभळा तुकडा लावला त्याच्या जागी."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. नर्सही बघत होती. मला माझा आवाज स्पष्ट, प्रयोगशाळेत आकडे वाचते तसा ऐकू येत होता.

"चार तरी आहेत ना," काकू शेवटी म्हणाल्या. "चार घरचं आहे. चालेल."

हे मी हिशेबात धरलं नव्हतं. भिंतीशी ठेवलेल्या यंत्राचा पंखा घुमत होता.

"आमच्या घरात लेकरू गेलेलं आहे," मी म्हणाले. "माझा भाऊ. माझ्या पाठचा."

काकूंचा बाळाच्या छातीवरचा हात विस्तवाला लागावा तसा मागे आला. मग त्यांनी तो पुन्हा पुढे केला, झबल्याची जांभळी बाजू चिमटीत धरली आणि डोळ्याजवळ नेण्यासाठी वाकल्या. दिसत नव्हतं बहुतेक.

"उज्ज्वला. तू बसायचीस हिच्याजवळ. तू सांग, हा राहीबाईंचा आहे की नाही?"

वहिनीने बाळाला मांडीवर घेतलं. तिचा अंगठा कापडावरून फिरला आणि रफूच्या जाडसर भागावर थांबला. तिथेच राहिला. तिने एकदाच माझ्याकडे पाहिलं, मोजून घेतल्यासारखं, मग काकूंकडे.

"नाही, आई," ती म्हणाली. "हा त्यातला नाही."

काकूंनी स्वतःच्या हातांनी बंद सोडले. सोडता येईनात म्हणून शेवटचा तोडला. झबलं काढून त्यांनी खाटेखाली टाकलं आणि बाळ उघडंच नर्सच्या हातात दिलं. "घ्या. लवकर घ्या." नर्सने त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधली आणि निळे दिवे लावले. काकू यंत्राजवळ खाली बसल्या. मी डबा टेबलावर ठेवला. कुणी मला जा म्हणालं नाही, पण थांब असंही कुणी म्हणालं नाही.

खोलीवर येऊन मी तन्मयला फोन लावला. माझा भाऊ तेव्हा पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता.

"काय गं ताई?"

"काही नाही. जेवलास का?"

"दुपारचे चार वाजलेत."

"म्हणजे दुपारचं जेवलास का?"

"हो. तुला बरं नाहीये का? तू असलं कधी विचारत नाहीस."

"सर्दी वगैरे काही?"

"कुणाला?"

"तुला."

"ताई, माझी सबमिशन आहे. तू ठीक आहेस ना?"

"आहे," मी म्हणाले. "गाडी हळू चालव."

फोन ठेवल्यावर मी कपाटातली सगळी कापडं काढून पुन्हा घड्या घातल्या. माझ्याकडे जांभळी ओढणी कधीच नव्हती. त्या झबल्यात पाचही घरं होती आणि सहावा धागासुद्धा मी त्यात येऊ दिला नव्हता, फक्त शिवणीचा दोरा तेवढा बाजारातला.

रविवारी आकडा चौदावर आला, सोमवारी अकरावर. हे मी नर्सला फोन करून विचारलं. मंगळवारी ते घरी आले. मला खालून बाळाचं रडणं ऐकू यायचं, मग पाळण्याची करकर. सोमवारी दवाखान्यातच सटवाईची पूजा उरकली होती, असं संतोषभाऊने जिन्यात सांगितलं, खाली बघत. बिया किती उगवल्या ते त्याने विचारलं नाही. रात्रीच्या जेवणाला हाक आली नाही. मी कुकर लावायला लागले.

गुरुवारी संध्याकाळी काकू वर आल्या. या वेळीही उंबऱ्याबाहेरच थांबल्या, आणि आत या म्हटल्यावरही आल्या नाहीत.

"महिना संपला की खोली मोकळी कर."

"बरं."

"लेकरू बरंय. दूध प्यायलंय चांगलं." त्यांनी दाराच्या चौकटीला हात टेकला. "तू वेळेवर सांगितलंस हेही मला कळतंय. म्हणून शिव्या देत नाही. पण तुझं तोंड बघितलं की मला तो तुकडाच आठवतो. झबलं मी नदीत सोडलं. चार घरच्या बायांनी चांगल्या मनानं दिलं होतं."

मी मशीनवर झाकण घातलं.

"एक सांग. फाटलं तेव्हाच मला का नाही सांगितलंस?" त्यांचा आवाज पहिल्यांदाच हलला. "मी काय मारलं असतं का तुला? परत गेले असते राहीबाईकडे. सहा कोस असतं तरी गेले असते. तुला वाटलं, म्हातारी अडाणी आहे, तिला काय कळतंय."

"नाही, काकू. तसं नाही."

"मग कसं?"

बाळ आता दिव्याखाली नव्हतं. खरं सांगायला काही हरकत नव्हती. मी तोंड उघडलं आणि त्याच वेळी जिन्याच्या खालच्या वळणावर मला उज्ज्वलावहिनी दिसली. बाळ खांद्यावर होतं. ती वर बघत होती आणि तिची मान, इतकी हलकेच की दुसऱ्या कुणाला कळलं नसतं, नकारार्थी हलत होती.

मी खरं सांगितलं असतं तर मी सुटले असते. आणि मग काकूंनी मागे वळून विचारलं असतं, उज्ज्वला, मग तू का खोटं बोललीस? तिला त्याच घरात, त्याच बाईसमोर, पुढची तीस वर्षं भाकऱ्या थापायच्या होत्या.

"चुकलं माझं," मी म्हणाले. "भीती वाटली."

काकूंनी मान हलवली, जणू त्यांनाही हेच वाटलं होतं, आणि एकेक पायरी उतरत खाली गेल्या. वहिनी त्यांच्या आधीच आत गेली होती.

पुढच्या बारा दिवसांत ती एकदाही वर आली नाही. जिन्यात समोर आली तर पदर सावरून बाजूला होई. सासू घरात नसतानाही. मी तिला दोष देत नाही. एकदा बोललं की थांबणं अवघड असतं. बारशाला गल्लीतल्या बायका आल्या. हमीदाबी आल्या, बंबकाकू मुलांना घेऊन आल्या. मी वर बसून होते. त्या दिवशी मशीन चालवलं नाही, कारण आवाज खाली जातो हे मला आता माहीत होतं. बाळाच्या कानात नाव सांगताना बायका गप्प झाल्या, मग एकदम हसल्या. नाव मला ऐकू आलं नाही.

पंधरा वर्षं झाली. मी आता नाशिकला असते. काम बियाण्यांचंच आहे, फक्त मोजायला हाताखाली माणसं आहेत. जुन्या साड्यांच्या पिशव्या आणि गोधड्या शिवते, ऑफिसात त्यांना मागणी असते. तन्मयला मी वाजवीपेक्षा जास्त फोन करते. त्याची बायको मला चिडवते, पण कारण मी तिलाही सांगितलेलं नाही.

मागच्या महिन्यात शेजारच्या टेबलावरची पल्लवी जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे आली. तिला सातवा चालू आहे. तिने एक जुनी मऊ साडी आणली होती, आईची.

"केतकीताई, याची दोनचार झबली शिवून द्याल? तुमच्यासारखं सफाईदार काम कुणाचंच नाही. आई म्हणते, पहिलं झबलं तुमच्याच हातचं हवं."

मी साडी हातात घेतली. चांगली होती, कुठेही विरलेली नव्हती. घडी तशीच ठेवून मी ती तिला परत दिली.

"पिशवी शिवून देते हवी तर," मी म्हणाले. "लहान मुलांचं मला जमत नाही."

"काहीतरीच! तुम्हाला न जमायला काय झालं?"

"एकदा शिवलं होतं," मी म्हणाले. "बिघडलं."